प्लंजरचे दोन आटे

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी कोणत्या दाढेनं चावत नाही हेसुद्धा तिला माहीत आहे — पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तेही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की आता पोटात मावेनासं झालं म्हणून? दोन्ही असेल. दोन्ही नसेलही.

आधी माझं काम सांगतो, ते सोपं आहे. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. मी भिलाईच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशरचा गेज, तापमानाचा मीटर — ही मंडळी खरं बोलतात की थापा मारतात, ते तपासणं म्हणजे माझी नोकरी. बिघाड शोधायची आमची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि रीडिंग तीनदा घ्यायचं. या रीतीचा मला फार गर्व होता. घरात मिक्सर बंद पडला तरी मी वही काढून बसायचो आणि सुनंदा, माझी बायको, कपाळाला हात लावायची.

आमची प्राची पंधरा वर्षांची असताना भिलाईतल्याच रुआबांध्याच्या एका मैदानावर धनुर्विद्या शिकायला जाऊ लागली. जवळच्या उतई गावाहून एक सर मोटरसायकलवर यायचे, वीस-बावीस पोरं एकटे सांभाळायचे. वर्षभरानं आम्ही तिला स्वतःचं रिकर्व्ह, म्हणजे स्पर्धेतलं, धनुष्य घेऊन दिलं. सुटे भाग जोडायचे, दोरीला पीळ द्यायचे, नेम धरायची साइट सरकवायची — हे बघून मी तर हरखूनच गेलो. हे तर माझंच खातं! सरांनाही बरंच झालं. "धनुष का काम भैया देख लेंगे," असं ते सगळ्यांना सांगू लागले. बाकीच्या पोरांचे आईबाप आपापली धनुष्यं घेऊन माझ्याकडे यायचे. काका, जरा बघा ना, बाण वरच चाललेत. काका, डावीकडेच का लागतात? प्लांटमध्ये मला कोणी असं विचारत नसे. तिथं माझं नाव हजेरीपुरतं.

प्राचीचे बाण मात्र फाकायचे. एक मध्ये, एक खाली, एक भलतीकडेच. मी वही उघडली. दोरी आणि धनुष्यातलं अंतर मोजलं, बाण दोरीला जिथं अडकतो ती जागा केसभर वर घेतली, पिसं बदलली. जनरल शिफ्ट सुटली की थेट मैदानावर, तिच्या मागे उभा. एक महिना गेला, दोन गेले. काही केल्या बिघाड सापडेना.

मग एक दिवस प्लांटमधून लवकर सुटलो. स्कूटर सायकलींच्या पत्र्याच्या शेडमागे लावली — सावलीसाठी, दुसरं काही मनात नव्हतं. तिथून बघतो तर प्राची बाण मारतेय. सहाच्या सहा चकतीच्या मधल्या पिवळ्यात! इतके जवळ की एकाची पिसं दुसऱ्याला घासत होती. शेजारच्या पोरीशी काहीतरी बोलून ती हसली. मला किती आनंद झाला सांगू! धावतच गेलो आणि नेहमीसारखा तिच्या मागे उभा राहिलो. पुढचे सहा बाण तिनं सगळ्या चकतीभर सांडले.

कळलं ना तुम्हाला? मलाही तेव्हाच कळलं. तरी मी रीत सोडली नाही — अजून दोनदा शेडमागे लपून पाहिलं. तीन रीडिंग झाली. मी नसलो की बाण एकत्र, मी असलो की विखुरलेले. धनुष्यात काही नव्हतं. पोरीत काही नव्हतं. बिघाड मी होतो. मी काही ओरडत नसे हो, मारत नसे, फक्त उभा असे. पण बाण सुटला की माझ्या तोंडून "च्च" निघायचं. ते तिच्या खांद्यांना ऐकू येत असावं.

दुसरा कोणी बाप असता तर घरी बसला असता. दुसऱ्या दिवसापासून भाजी आणायला गेला असता, पेपर वाचत बसला असता. मीही तेच करणार होतो — असं मी स्वतःला सांगतो. खरं की खोटं, आता तपासता येत नाही.

त्याच आठवड्यात जेवताना प्राची म्हणाली, "बाबा, तुम्ही थकून येता. उद्या नाही आले तरी चालेल मले." एवढंच. माझ्याच काळजीनं म्हणाली. मी शेडमागून पाहिलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. पण मला ते कुठं लागलं कोण जाणे. नाही आले तरी चालेल.

सकाळी तिची बॅग तपासायला घेतली. बाण जिथून घसरत जातो तिथं धनुष्याला एक बारीक स्प्रिंग असते, तिला प्लंजर म्हणतात. ती घट्ट केली की उजव्या हाताच्या खेळाडूचे बाण डावीकडे सरकतात. बाहेरून काही दिसत नाही. मी पाना घेतला आणि ती दोन आटे घट्ट केली.

का केलं? मला खरंच माहीत नाही. राग होता का? तिच्यावर कसला राग? हात चालत होता आणि मी बघत होतो, इतकंच आठवतं.

त्या दिवशी मी मैदानावर गेलो नाही. ती रडवेली होऊन घरी आली — सगळे बाण डावीकडे. दुसऱ्या दिवशी मी गेलो, चष्मा नाकावर आणला, पाच-सात गोष्टी उगाच तपासल्या आणि "हे बघ, सापडलं" म्हणत दोन आटे सैल केले. या वेळी मी लांब शेडपाशी जाऊन थांबलो. बाण मध्ये गेले. प्राची धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली. "बाबा, तुमच्याएवढं कोनालेच नाही समजत." ते वाक्य मला गोड लागलं. लाज वाटायला हवी होती, पण गोड लागलं.

मग पुन्हा केलं. वर्षभरात तीनदा, कदाचित चारदा. कधी एका दिवसासाठी, एकदा तर तीन आठवडे. सगळ्या गोष्टी वहीत लिहिणारा मी, हे कुठं लिहून ठेवलं नाही.

त्या तीन आठवड्यांत मी प्लांटच्या शटडाउनमध्ये, दुरुस्तीच्या कामात, अडकलो होतो. म्हणजे ते खरं होतं, पण पाना फिरवायला किती वेळ लागतो? सरांना वाटलं पोरीची पकड चुकते. त्यांनी पकड बदलायला लावली. बाण मध्ये यावेत म्हणून ती मनगट उजवीकडे रेटू लागली, आणि रेटता रेटता तिला ती सवयच लागली. रोज विचारायची, "बाबा, मी काय गलत करून राहिली? सांगा ना." मी म्हणायचो, सराव कर.

त्या तीन आठवड्यांच्या शेवटीच राज्याच्या संघाची निवड रायपूरला होती. ती सतरा वर्षांची, आणि सरांच्या मते तिची जागा जवळजवळ पक्की. आदल्या दिवशी मी धनुष्य जसं हवं तसं करून दिलं. अगदी अचूक. वाटलं, झालं, आता संपवू हे. पण हातात भरलेली ती उलटी सवय? ती पान्यानं कशी काढणार होतो? धनुष्य बरोबर आणि मनगट चुकीचं — सगळे बाण उजवीकडे जाऊ लागले.

दोन फेऱ्यांच्या मध्ये ती प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी माझ्याजवळ आली. "बाबा, धनुष्यात काही हाये का?"

तेव्हाही वेळ होती. सरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं — बाण उजवीकडे चाललेत, साइटही उजवीकडे सरकवा, मनगट उद्या बघू. एका मिनिटाचं काम. पण सर म्हणाले असते, हे झालं कसं? मी म्हणालो, "धनुष्य एकदम ठीक हाये, बेटा."

आणि ते खरं होतं. वर्षभरात मी तिला सांगितलेली तेवढीच एक खरी गोष्ट.

ती निवडली गेली नाही. येताना गाडीत खिडकीशी बसली होती. उतरताना म्हणाली, "मंग माह्यातच खराबी हाये." मी तिची बॅग उचलली. त्यानंतर तिनं धनुष्याला हात लावला नाही, आणि सुनंदा वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत राहिली, बापानं तर पोरीसाठी जीव टाकला होता. मी ऐकत असे. नाही म्हटलं नाही.

आता प्राची एकतीस वर्षांची आहे, नागपूरला बँकेत. नवरा चांगला आहे, एक लेक आहे. मी रिटायर होऊन भिलाईतच, स्मृति नगरात राहतो. धनुष्याचा विषय घरात निघत नाही, म्हणून कधी कधी मलाच वाटतं की असं काही झालंच नसेल. बारा-पंधरा बाण इकडे तिकडे गेले तर कोणाचं आयुष्य बिघडतं का? पोरं खेळ सोडतातच ना? असं दुपारी वाटतं. संध्याकाळी वाटत नाही. कारण मी तिला बघतो. ती गाडी शिकली, चालवत नाही. सोसायटीत गाणं म्हणायला उठवलं, तर नावाची हाक येताच पर्स उचलून बाहेर गेली. दर वेळी एकच सांगते — ऐन वेळी माझं बिघडतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. बँकेत बढतीची परीक्षा होती. साहेब मागे लागलेत, म्हणाली, नवराही म्हणतो फॉर्म भर. मग जरा थांबली. "पण बाबा, ऐन टायमाले माह्यं बिघडते. तुमाले तर माहीत हाये ना?"

सुनंदा आत कुकर लावत होती. शिट्टी झाली. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, पहिला शब्दही ठरला होता.

मी म्हणालो, "हाव बेटा, माहीत हाये."

तिनं फॉर्म भरला नाही. शुक्रवारी शेवटची तारीख होऊन गेली.