मरव्याच्या जागी

दादा पुण्याहून आला की माळवदावरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. देवळामागं आमचं घर. वडील देवळाचे पुजारी, आई मी लहान असतानाच गेलेली, आणि संसार सगळा आत्याच्या हातात. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर पुढं शिकायचं तर पुण्याची गाडी धरायची. दादा तिथं एम. एस्सी. करत होता. त्याचा विषय काय, तर आमच्या कोरड्या माळावरची झाडंझुडपं! वडील त्याला ‘गवत्या’ म्हणत, तेही चारचौघांत. मला अस्सा राग यायचा, पण दादा नुसता हसायचा.

त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र यायचे. एक अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. तो जुन्या शिलालेखांवर प्रबंध लिहीत होता. दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशानं ठोकायचा, वरून काजळी फिरवायची, की अक्षरं कागदावर उठतात. हे कसं करतात ते दाखवायला त्यानं एकदा आमचा वाटणाचा पाटाच घेतला. पाट्यावरचे टाकीचे घाव कागदावर उमटलेले बघून मी टाळ्या पिटल्या. आत्या मात्र ती काजळी घासत संध्याकाळपर्यंत त्याच्या नावानं बोटं मोडत होती. दुसरा मित्र नाटकं लिहायचा. नवा प्रवेश लिहून झाला की मला समोर बसवून वाचायचा आणि मी जांभई दिली की ते पान फाडून टाकायचा. मी पण काय कमी! मुद्दाम जांभया द्यायची.

पण खरं सांगते, त्या तिघांचं मला फार कौतुक वाटे. एकाच शिक्षणाच्या पोटात किती तऱ्हा! एक जण मेलेल्या राजांनी कुणाला जमीन दिली ते वाचतोय, दुसरा कधी न घडलेलं भांडण रंगवतोय, आणि आमचा दादा ज्यावर रोज आपण पाय देतो त्या तणापुढं गुडघे टेकून बसलाय. आणि तिघांनाही एकमेकांचं काम तितकंच मोठं वाटायचं. शिलालेखवाला दादाच्या काड्या निवडायचा, दादा नाटकातल्या बायकांची वाक्यं म्हणायचा. कुणी कुणाला हसत नसे.

त्या वर्षी पावसानं डोळे वटारले. तरी श्रावणात वळसंगच्या पुढं एका उतारावर दादाला एक बोटभर झुडूप सापडलं. एवढंसं, करड्या पानांचं. ते काय आहे हे त्याला कळेना. त्यानं पत्रानं कळवल्यावर पुण्याच्या प्रोफेसरांनी निरोप धाडला, ते जपून आणा, तुमच्या प्रबंधात तेच मोलाचं ठरेल. दादानं एकच फांदी आणली होती. आणखी आणायला गेला तर उतार साफ! तिथला धनगर म्हणाला, “मेंढरं चरली की वो सगळं. आता तितं काय न्हाय.” म्हणजे दादाचं सगळं त्या एका फांदीवर आलं. टीपकागदात घालून, वर फळी आणि फळीवर दगड ठेवून त्यानं ती इतर झाडपाल्याबरोबर वाळत ठेवली.

मग आली गणेशचतुर्थी. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री लागते आणि आत्याला एकवीस म्हणजे एकवीसच. एक कमी चालायची नाही. पण त्या दुष्काळात पत्री आणायची कुठून? बाजारात माळीण शेवग्याचाच पाला चार नावांनी विकत होती. आत्या तिच्याशी भांडून रिकाम्या हातानं परतली. दादा मित्रांना आणायला स्टेशनवर गेला होता आणि मी मोदकांचं सारण हलवत होते. आत्या माळवदावर गेली. तिथं तिनं फळी उचलली, तर कागदाच्या घडीघडीत आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांत, सगळं कसं नीट मांडून ठेवलेलं! तिच्या डोळ्यांना धारच लागली. इंग्रजी शिकून देवधर्म सोडलेल्या भाच्यानं देवासाठी गुपचूप पत्री जमवली, असंच तिला वाटलं. मरवा तेवढा मिळत नव्हता. मग ती करडी फांदी हाती आली. “हाच तो, वाळलाय म्हणून वास गेलाय,” असं मनाशी म्हणत तिनं ती तबकात ठेवली.

दादा आला तेव्हा पूजा होऊन गेली होती. आरतीला तो हात जोडून उभा राहिला आणि त्याची नजर मूर्तीच्या पायांशी गेली. हळदीकुंकवात त्याचा सगळा पावसाळा पडला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आत्या डोळे पुसत म्हणाली, “बघ रे, तुझीच पत्री वाहिली. माझं बाळ ते!” दादानं वाकून तिला नमस्कार केला. बाकीचं परत मिळण्यासारखं होतं. ती फांदी मात्र पुन्हा मिळणारी नव्हती. आणि देवाला वाहिलेलं परत घेता येत नाही; ते दुसऱ्या दिवशी विसर्जनाबरोबर पाण्यात जायचं.

मला कुठलं राहवतंय! “आत्या, ती पत्री नव्हती, दादाचा अभ्यास होता तो!” मी ओरडलेच. दादा म्हणाला, “गप्प बस,” पण आत्या मटकन खालीच बसली. नाटकवाला तिच्यासाठी पाणी आणायला धावला.

वडील अजून सोवळ्यातच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, गवतच ते, सोडून दे. ते म्हणाले, “त्यातल्या कशावाचून अडलंय एवढं?”

दादानं ती फांदी दाखवली.

“हा मरवा ना?”

“नव्हे, बाबा.”

“मग काय आहे?”

“तेच शोधतोय. अजून नाव लागलं नाही.”

वडिलांच्या कपाळाची शीर उडायला लागली. “मरवा समजून ‘मरुबकपत्रं समर्पयामि’ असं म्हणालोय मी. देवापुढं,” ते म्हणाले. “एखादी वस्तू मिळाली नाही तर अक्षता वाहाव्यात, तेवढी सोय शास्त्रानं ठेवलीय. खोटं नाव घ्यायची सोय नाही.” ते पुन्हा पाटावर बसले, आचमन केलं, देवाची क्षमा मागितली आणि मरव्याच्या जागी अक्षता वाहिल्या. मग दोन बोटांनी ती फांदी अलगद उचलली, एकही पान गळू दिलं नाही, आणि दादाच्या ओंजळीत ठेवली. “हे वाहिलंच गेलं नाही. घेऊन जा,” ते म्हणाले. “पण खरं नाव लागलं की मला येऊन सांगायचं.”

दादा रडला. मीही रडले, आणि मला वडिलांचा इतका अभिमान वाटला की त्यांना आजवर मनातल्या मनात दिलेले सगळे टोमणे मी परत घेतले. एका नावासाठी बाप आणि मुलगा दोघंही सारखेच हट्टी, हे मला त्या दिवशी कळलं.

कुंकवाचे डाग पडलेली ती फांदी पुण्याला गेली. प्रोफेसरांनी जुने संग्रह धुंडाळून नाव काढलं. दादाचा प्रबंध मान्य झाला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, उतारावर ते झुडूप पुन्हा उगवलं आणि चतुर्थीला दादानं त्याची ताजी फांदी आणून तबकात ठेवली. एकवीस पत्री वाहून झाल्यावर वडिलांनी ती हातात घेतली आणि दादाकडं पाहिलं. दादानं ते लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. वडिलांची जीभ अडखळली. जन्मभर वडिलांनी मंत्र सांगायचा आणि पूजेला बसलेल्या यजमानानं मागून म्हणायचा. आता दादा सांगत होता आणि वडील मागून म्हणत होते, एकदा, दोनदा, बरोबर जमेपर्यंत. मग पुढं “पत्रं समर्पयामि” म्हणून त्यांनी फांदी वाहिली.

“सावकाश सांग रे त्यांना,” आत्या मघापासून म्हणत होती.