आईची कढी आणि घासलेलं पातेलं

समस्त शिवाजी पेठेला आणि गगनबावड्यापर्यंत पसरलेल्या आमच्या नातेवाइकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की गेल्या रविवारी आमच्या घरी कढी झाली आणि ती मी स्वतः केली.

कारणही तसंच होतं. तापातून उठल्यापासून आईच्या तोंडाची चव गेली होती. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रश्शाला नावं ठेवली, ती आता काहीही पुढं ठेवलं तरी म्हणायची, "चांगलंच असंल. मला कळंना झालंय." दोन घास खाऊन ताट सरकवायची. तीन आठवडे हेच. तिचं ते गोड बोलणं ऐकून मला धडकी भरायची.

शेवटी कढीसाठी तिचं जुनं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं. काळंठिक्कर! चिंचेचा कोळ आणि मीठ चोळलं. आंबटानं तो काळा थर विरघळतो आणि खालचा धातू उघडा पडतो, हे शाळेत शिकलो होतो. पण स्वतःच्या बोटांखाली पितळ पिवळंधमक होताना बघून मी हरखलोच.

गच्चीवर कपडे वाळत घालायला निघालेली बायको म्हणाली, "अहो, एवढी हौस हाय तर माझीबी भांडी घासा की!"

ती वर गेली आणि मी पातेल्याच्या आत वळलो. तिथं करडी-पांढरी पुटं होती. मळच तो! तारेच्या घासणीनं सगळा खरवडला. मग आंबट ताकाची कढी केली, फोडणी दिली, आणि मुरावी म्हणून तासभर त्यातच ठेवली.

आईनं वाटी तोंडाला लावली. थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. तरातरा उठून मोरीत थुंकून आली.

"आरं, कळकलीया की ही! आतली कल्हई कुठं गेली?"

"कल्हई? मी मळ समजून..."

"मळ? आरं, ती कल्हई मधी असती म्हणून ताक पितळंला लागत न्हाय! पन्नाशी आली तुझी, आन् एवढं कळंना व्हय? तांब्याची तार चघळल्यागत लागतंय सगळं!"

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिलो. आई बोलत होती, पातेलं तिरकं करून आत बघत होती, मला शिव्या घालत होती. मी हातातला डाव तिथंच टाकला आणि जिन्यातूनच बायकोला ओरडून सांगितलं,

"अगं, लवकर खाली ये! आईला कढी वाईट लागली!"