अर्जात न लिहिलेली गाडी

चौघींच्या खुनाचे आरोप वाचून दाखवल्यावर त्या माणसाने कोर्टात सगळं कबूल केलं, ही बातमी आम्हाला चिकूच्या शेडमध्ये कळली. सकाळचे अकरा वाजले असतील. निवडीला नऊ जणी होत्या. एकीच्या फोनवर बातमी आली आणि अठराही हात थांबले.

महामार्गावर संध्याकाळी गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांना आपल्या गाडीत घ्यायचं, ही त्याची पद्धत. तो पकडला जाईपर्यंत आमच्याकडच्या बायका जीव मुठीत धरून ये-जा करत होत्या.

"कबूल केलं? असंच?"

"मग काय, हार घालायचा त्याला?"

"वकिलानं शिकवलं असंल. कबूल केलं का फाशी टळते."

"माझ्याकडं द्या म्हणावं. कोयता मीच आणते."

सगळ्या हसल्या. बऱ्याच महिन्यांनी अशा मोकळ्या हसल्या. "बाय, आज पेढे पायजेत," कोणीतरी म्हणालं. मी बाजाराच्या यादीत खोकी आणि सुतळीच्या खाली पेढे लिहिले.

रानशेत गावची म्हणून जिला आम्ही रानशेतचीच म्हणतो, ती मात्र हसली नव्हती. सहा वर्षं ती आमच्याकडे चिकू निवडते. पिकायला आलेलं फळ तिला नुसत्या बोटांना कळतं. हातातलं फळ खाली ठेवून तिने विचारलं, "बाय, किती जणींचं कबूल केलं?"

"चौघींचं."

"आन् माझ्या बहिणीचं?"

शेडमधलं हसणं थांबलं.

तिची धाकटी बहीण तलासरीकडच्या एका पाड्यात दिलेली. एका कारखान्यात कामाला जायची. दीड वर्षापूर्वी ती कामावरून घरी आलीच नाही. सासरच्यांनी सांगितलं, पळाली असेल कोणाबरोबर गुजरातेत. ती बेपत्ता असल्याचा अर्ज मीच लिहून दिला होता.

शेडमधल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहिते. रेशनकार्ड, दाखले, बँक. माझा नियम असा की अर्ज एका पानात बसला पाहिजे, नाहीतर साहेब वाचत नाही. त्या वेळी रानशेतची म्हणाली होती, "तलासरी नाक्यावर भजी तळते ना, तिनं तिला पांढऱ्या गाडीत बसताना पाहिलं."

"तू पाहिलंस?"

"नाय."

"मग ऐकीव गोष्ट नको. उगाच अर्ज लांबतो."

आणि अशा अर्जांत जे लिहायची पद्धत आहे तेच मी लिहिलं: कोणास काही न सांगता घरातून निघून गेली. खाली तिचा अंगठा घेतला. पान सुबक भरलं होतं.

त्या माणसाची गाडी पांढरी होती, हे आज अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

"मला वाटलं खटला चालंल," रानशेतची म्हणाली. "साक्षी होतील. कोणीतरी त्याला इचारंल, अजून कोण. आता त्यानं हो म्हटलं. कोण इचारणार?"

मी काहीच केलं नाही. पेट्या भरून घेतल्या आणि टेम्पो वेळेत सोडला.

कोर्टाने त्याला विचार करायला वेळ दिला. त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि शिक्षेची तारीख पडली. मधल्या दिवसांत डहाणूत जाईन तिथे तोच विषय. मासळीवाली कोळंबी मोजता मोजता म्हणाली, "सुटलो गं बाई एकदाचे." रिक्षावाल्याने मागे वळून सांगितलं, "जन्मठेप म्हंजे काय ताई, सरकारी जेवण. भर चौकात लटकवायला पाहिजे." सगळ्यांच्या तोंडी चौघी. मी प्रत्येक वेळी मनात पाच म्हणत होते. माझी एक ओळ त्या कागदात असती, तर पोलिसांनी त्याला पाचवीबद्दल विचारलं असतं का? हा प्रश्न मी रोज वेगळ्या प्रकारे सोडवून पाहिला. उत्तर दरवेळी एकच येत होतं: हो.

शेवटी शिक्षेच्या दिवशीच मी रानशेतचीला घेऊन तलासरीला गेले. पहिली एसटी, दोन फोटो, जुन्या अर्जाची झेरॉक्स, कोरे कागद. तिने सांगायचं आणि मी गाळल्याशिवाय लिहायचं, असं एसटीतच ठरवलं होतं. स्टँडच्या बाकावर बसून तिने सांगायला सुरुवात केली. बहिणीच्या डाव्या भुवईवरचा व्रण, नवीन चपला चावत होत्या म्हणून पायाला बांधलेली चिंधी, डब्यात नाचणीची भाकर. भाकरीपाशी माझं पेन अडलं.

"लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं. चार पानं झाली.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी चारही पानं वाचली. जुनी झेरॉक्स शेजारी ठेवली. मग रानशेतचीला विचारलं, "पांढऱ्या गाडीचं आधीच्या अर्जात का नाही सांगितलं, मावशी?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. एवढी वर्षं मी तिचे कागद सांभाळले, म्हणून ती मला सांभाळून घेत होती. ते मला बघवेना.

"तिने सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी लिहिलं नाही."

"का?"

"अर्ज लांबेल म्हणून."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तेसुद्धा शेवटी लिहा," म्हणाले. "आणि जिने पाहिलं तिला घेऊन या. मी आहे संध्याकाळपर्यंत. जबाब झाला तर जेलमध्ये जाऊन त्याला विचारायची परवानगी मागता येईल."

नाक्यावर पोचलो तेव्हा शिक्षा झाली होती. मरेपर्यंत तुरुंग. एका टपरीपाशी फटाक्यांची माळ लावली होती, धुरात रिक्षावाले ओरडत होते. एका माणसाने आम्हा दोघींच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या मावशी. आता बिनधास्त फिरा."

"सगळ्या बायांची शिक्षा झाली?" रानशेतचीने विचारलं.

"सगळ्यांची!"

ती पेढा मुठीत धरून उभी राहिली.

भजीवाली तिथेच होती, कढईमागे. रानशेतचीने बहिणीचा फोटो पुढे केला. भजीवालीने झारा बाजूला ठेवला, हात पुसले आणि फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हीच. पायाला चिंधी बांधलेली. पांढऱ्या गाडीत बसली."

मी फोनवर त्या माणसाचा पेपरात आलेला फोटो काढला. "हा होता ना?"

तिने बघितलं. मोठा करून बघितलं.

"हा नव्हता."

"नीट बघा हो बाई."

"अहो, याला तर मी ओळखते, रोज पेपरात येतो. तो दुसरा होता, वयानं मोठा. तिला नावानं हाक मारली त्यानं. ती हसली, पुढंच बसली त्याच्या बाजूला." मग आमच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "गाडीत कोण होतं, ते मला कोणी इचारलंच नाय. नायतर तवाच सांगितलं असतं."

मागे दुसरी माळ फुटायला लागली. रानशेतचीने माझा दंड धरला, इतका घट्ट की मला दुखलं.

"मंग ती असंल, बाय? जिती असंल?"

ओळखीचा होता, म्हणजे ती जिवंत असेल. ओळखीचा होता आणि दीड वर्षात एकही फोन नाही, म्हणजे नसेलही. आणि तो माणूस कोण, हे कोणी अजून विचारलेलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

भजीवालीने गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि पदर सारखा करून ती आमच्याबरोबर ठाण्याकडे निघाली.