अजून आतनं गार हाय

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर माझ्याच्यानं पुन्हा सांगणं व्हायचं नाही.

आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या टेस्टिंगच्या शेडमध्ये भट्टी सांभाळायला एक चाचा होते. मीटरवर आकडा आला तरी पोराचा ताप बघितल्यासारखा उलटा हात भट्टीच्या दाराशी धरायचे आणि म्हणायचे, "अजून आतनं गार हाय की!"

माझा कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकचे धागे घालून कांड्या ओतायच्या आणि भट्टीत तापवून तुटेस्तोवर ओढायच्या. तापल्यावर ॲल्युमिनियम मऊ पडतं, तेव्हा धाग्यांनी तग धरायचा.

पहिल्याच दिवशी मी साच्यात धागे तसेच थंड ठेवले. चाचा ओरडले, "पावण्याला गार घरात बसवतीस व्हय? आधी धागं तापीव, मग ॲल्युमिनियमचा रस आतपतोर जाईल!"

एकदा चाचा चहाला गेलते. भट्टीच्या मीटरनं चारशे अंश दाखवलं आणि मी लगेच कांडी ओढली. तुटायला लागलेल्या जोराचा काय भारी आकडा आला! शेडभर नाचले, प्रोजेक्टच्या सरांना फोटो पाठवला.

चाचा आल्या आल्या म्हणाले, "किती वेळ तापू दिलीस?"

"लगेच ओढली."

"मग भट्टी तापली, कांडी तापलीच न्हाय. आकडा खोटा हाय, पोरी. सरास्नी सांग."

पुढची कांडी त्यांनी अर्धा तास तापू दिली. ती लगेच तुटली; घाईत मी धागे पुरते तापवलेच नव्हते. माझी डिग्री लटकली. मी बोलून गेले, "तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही, चाचा."

 दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः धागे तापवून एक कांडी ओतली, तिच्यावर खडूनं माझं नाव लिहिलं. "मी असल्याबिगर ओढू नको. मला बी बघायचंय."

दुपारी त्यांच्या छातीत कळ आली म्हणून ते बावड्याला घरी गेले. संध्याकाळी ते वारल्याचा फोन आला. माझी माफी तोंडातच राहिली.

आज ती कांडी लावली. मीटर चारशेवर. सर म्हणाले, "ओढ."

माझा उलटा हात आपोआप दाराशी गेला. "सर, अजून आतनं गार हाय."

अर्धा तास थांबलो. मग ओढली. आणि धरलं हो धाग्यांनी! आधीच्या अर्धा तास तापवलेल्या कांडीपेक्षा कितीतरी जास्त! सगळे टाळ्या वाजवत होते. मी मागं वळून ओरडले, "चाचा, बघा की!"

त्यांच्या स्टुलावर त्यांचं हात पुसायचं फडकं होतं. त्यांनीच घडी घालून ठेवलेलं.

तुमचं कधी झालंय का असं? जिंकल्यावर ज्याच्याकडं आधी वळलात, तोच तिथं नव्हता?