पायरीवर मांडून ठेवलेली कुलपं

पायरीवर कुलपं मांडून ठेवली होती. घासून पालथी घातलेल्या भांड्यांसारखी, एका ओळीत. आधी स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा, मग चाकाला घालायचा पिवळा जबडा, मग साखळी, आणि साखळीला ताईने शिवलेली मखमली खोळ, चौकोनी घडी घालून. चाकांमागे लावायच्या दोन विटासुद्धा भिंतीला टेकवून शहाण्यासारख्या उभ्या होत्या.

फक्त गाडी नव्हती.

ताईच्या काखेत फोमची गुंडाळी होती. ती तिने टाकली नाही, की ती किंचाळली नाही. तिला वाटलं काय, तर आपण चुकून शेजारच्या गल्लीत शिरलो. ती चक्क मागे वळली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि पुन्हा आली. कुलपं तिथेच. जमिनीवर तेलाचा जुना डाग तिथेच. गाडी नाहीच.

ताई म्हणजे सीटताई. गाड्यांच्या सीटा शिवते म्हणून रस्त्याने ठेवलेलं नाव. घरात ती आणि तिचा थोरला भाऊ, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला दादा. त्याने लग्न केलं नाही, तिचं टिकलं नाही, तेव्हा दोघांनी मिळून एक संसार केला आणि रोज भांडून तो धडधाकट ठेवला. निवृत्तीनंतर दादा दोन महिने घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. मग एक दिवस सामान वाहणारी जुनी व्हॅन घेऊन आला. ताईने डोक्याला हात लावला, आणि दुसऱ्याच दिवशी मापं घ्यायला आत शिरली. घडीचा पलंग, खिडक्यांना पडदे, वाटीएवढं बेसिन, शेगडीला कप्पा, भिंतींना आतून कापड. घर पाठीवर आणि चाल बेताची, म्हणून नाव पडलं 'कासव'.

मागच्या गल्लीतली एक गाडी चोरीला गेली आणि दादाने कासवाला कवच चढवायला घेतलं. दांडा आला, जबडा आला, साखळी आली. साखळीने रंग खरवडतो म्हणून ताईने खोळ शिवली. भोंगा बसवला, तर मांजर बोनेटवर बसलं तरी तो कोकलायचा. समोरचा सलूनवाला म्हणायचा, "ताई, तुमचं कासव कुत्र्यासारखं भुंकतं हो!" शेवटी दादाने तो भोंगा काढून टाकला आणि खरा हुकमाचा पत्ता बसवला: चोरबटण. ड्रायव्हरच्या सीटखाली, शिवणीच्या आत दडवलेलं. ते दाबल्याशिवाय इंजिन नुसतं खोकणार. ते कुठे आहे, हे अख्ख्या जगात दोघांनाच ठाऊक. ताईने स्वतः टाका घालून लपवलं होतं.

सलूनवाला कात्री हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला.

"काय ताई, सर्व्हिसिंगला गेली वाटतं गाडी?"

"कुणी नेली?"

"कुणी म्हणजे? दादांनीच दिली की! अहो, काय थाटात! 'येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, आता काप डावीकडे!' माझं गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं सोडून मी बघायला बाहेर आलो. शेवटी गाडीवर थाप मारून म्हणाले, 'जाऊ द्या!' असे रंगात आलेले बघितले नव्हते कितीतरी दिवसांत."

ताईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे गॅरेजवाला. ब्रेकचं काम होतंच. तिने काखेतला फोम आत नेला. दादा खुर्चीत बसला होता, मान नेहमीसारखी एका बाजूला कलती. गेल्या वर्षापासून त्याची मान अवघडलेली असायची. ताईने त्याला प्रवासात घ्यायला मानेची उशीही शिवून दिली होती.

"टकल्या येऊन गेला का रे?" गॅरेजवाल्याला घरात हेच नाव होतं. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"नेली की गाडी त्याने. ब्रेक बघतो म्हणाला."

"त्याला तर शनिवारचं बोलावलं होतं."

"आला लवकर. कामाला वेळेआधी आलेला माणूस बघितलास की तुझ्या पोटात दुखतं, चिमणे."

पन्नाशी उलटली तरी ती दादाची चिमणीच होती. तिने सहज म्हणून गॅरेजला फोन लावला. संध्याकाळपर्यंत होईल का, एवढंच विचारायचं होतं.

"कुठली गाडी, ताई?" पलीकडून आवाज आला. "मी सकाळपासून एका ट्रकखाली झोपलोय. मी कशाला येतो?"

ताईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. कापड हातात असताना कात्री सुटून पायावर पडावी, आणि दुखायच्या आधी एक क्षण काहीच होऊ नये, तो क्षण काही केल्या संपेना.

गॅरेजवाला स्कूटर हाणत आला. तेलकट कपडे, तेलकट हात, आणि ऊन परतवणारं डोकं. दादासमोर उभा राहिला. दादाने मान कलती केली.

"गाडी कुठाय रे?" दादा म्हणाला.

"दादा, मी नाही नेली."

"चेष्टा पुरे. दुपारी नाही का आलास? मी किल्ली दिली तुला."

"मी?" त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "सलूनवाले, तुम्ही बघितलात ना त्याला? केस होते का?"

सलूनवाला दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "केस? दाट होते. मागे वळवलेले. कानाजवळ कात्री चुकलेली... आपल्याकडचा कट नव्हता." आणि मग हळूच, "मला वाटलं, गॅरेजमधला नवा माणूस."

दादा बोलायला लागला, आणि थांबेचना.

"तो 'काका, ही गाडी' एवढंच म्हणाला. मीच म्हटलं, 'ब्रेकसाठी न्यायला आलास ना?' तो म्हणाला, 'हो हो, ब्रेकसाठी.' मी म्हटलं, 'आवाज बसला का रे तुझा?' म्हणाला, 'हो हो, बसलाय.' तेलाचा वास येत होता त्याच्या अंगाला..."

"मी तुम्हाला काका कधी म्हटलंय?" गॅरेजवाला कळवळून म्हणाला.

"वाटलं, म्हातारा झालो तुझ्यासाठी." दादाने ओठांवरून जीभ फिरवली. "कुलपं मीच काढली. इंजिन सुरू होईना. तो उतरला, चिमणे. 'राहू द्या, नंतर येतो' म्हणून निघाला होता. मीच परत बोलावला. हसलो त्याला. म्हटलं, 'इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करतोस आणि एवढं कळत नाही?' त्याचं बोट धरून... बटणावर ठेवलं."

ताई त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. गाडी तिच्या मनात कधीच मागे पडली होती. हातभर अंतरावरचा माणूस. बोट धरण्याइतका जवळ. एकाचं टक्कल, दुसऱ्याचं रान.

"दादा, माझ्याकडे बघ."

"बघतोय की."

"माझ्याकडे. खिडकीकडे नाही."

दादा खिडकीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस, चिमणे. जरा बाजूला बघितलं की कडेने दिसतेस."

गॅरेजवाला आणि सलूनवाला एकमेकांचे हात धरून, लग्नघरात भांडण लागल्यावर पाहुणे सटकतात तसे बाहेर सटकले.

"कधीपासून?"

"मधोमध डाग आहे. आधी लहान होता."

"कधीपासून, विचारलं मी!"

"झालं वर्ष."

वर्ष. म्हणजे मान अवघडली तेव्हापासून. मान अवघडलीच नव्हती. तो कडेने बघत होता, आणि ती वेडी त्याला उशी शिवून देत होती! आणि त्या वर्षात दोघं फिरली किती होती! धरण बघून आली, समुद्र बघून आली, दोनदा घाट उतरली. मुलखाचा अबोल दादा त्या वर्षात गाडीत बोलका झाला होता. "पुढे काय दिसतंय गं? सांग की. नुसती शिवत काय बसलीस?" आणि ती सांगायची. सायकलवाला चाललाय, पूल आलाय, एक बाई दोन पिशव्या घेऊन उभी आहे, लाल साडीतली. किती बरं वाटायचं तिला! म्हातारपणी का होईना, भावाला बहिणीशी गप्पा माराव्याशा वाटताहेत.

गप्पा! अर्ध्या वाटेवर तर तिची मान खाली असायची. पडद्याला काठ घालत असायची ती.

चौकीवर हवालदारीणबाईंनी विचारलं, "कुलूप फोडलं?" नाही. "दमदाटी केली?" नाही. "किल्ली हिसकावली?" दिली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग याला चोरी म्हणायचं की सासरी पाठवणी?" पण दादाचा चेहरा बघून त्यांनी मुकाट्याने पेन उचललं. सलूनवाल्याने चोराचं वर्णन सांगितलं, ते सगळं भुवईच्या वरचं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं गेलं ते गेलं, कडेचं राहील. चालता-फिरता येईल. गाडी चालवण्याचं नावही काढायचं नाही. "आजवर चालवत होतात?" त्यांनी विचारलं, आणि ताईने हो म्हटल्यावर चष्मा काढून ते दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

गल्ली हळहळली. ज्याने त्याने आपापली अक्कल पाजळली: ट्रॅकर लावायला हवा होता, कॅमेरा लावायला हवा होता, कुत्रा पाळायला हवा होता. सलूनवाल्याने मोकळ्या जागेवर आपली मोडकी खुर्ची आणून ठेवली आणि तिथे कुणालाही गाडी लावू देईना, जणू कासव फिरायला गेलंय आणि येईल. दादा पायरीवर बसून कुलपांना तेल घालायचा.

ताई त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, औषध ठेवायची, बस्स. राग होता, पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. शिलाईचं मशीन चालता चालता पाय आपोआप थांबायचा आणि डोळ्यांपुढे घाटातलं एक वळण यायचं. ती दोरा तोडायला म्हणून मान वर करते, आणि समोर ट्रक. ती ओरडते, "ट्रक!" दादा शांतपणे ब्रेक मारतो, गाडी कडेला घेतो आणि म्हणतो, "बघितला की. ओरडतेस काय?" दोरा तोडायला. दोरा संपला नसता तर? सुई दोनदा तिच्या बोटात गेली. चोराला शिव्या द्यायला तोंड उघडावं तर शिवी अर्धीच राहायची. त्या मेल्याने गाडी नेली, पण नेली नसती तर पुढच्या महिन्यात पुन्हा घाट होता. आता चोराचे पाय धरायचे की काय?

मग एक दिवस गॅरेजवाला आला. दारातूनच मोठ्याने म्हणाला, "मी टकल्या. खरा. हात लावून बघा हवं तर." दादा हसला, किती दिवसांनी. गॅरेजवाल्याकडे कुणीतरी सोडून दिलेल्या व्हॅनचा सांगाडा पडून होता. "इंजिनाचं मी बघतो. आतलं ताई बघतील. बसेल जम हळूहळू. फक्त..." त्याने डोकं खाजवलं. "चालवणार कोण?"

तो गेल्यावर दादा म्हणाला, "'नको' म्हणून सांग त्याला. माझ्यापायी आता काही नको."

ताईने मशीन थांबवलं. इतके दिवस दातांखाली धरलेला प्रश्न बाहेर पडला.

"घाटातला तो ट्रक. बघितला होतास?"

दादाने मान कलती केली, ती नीट दिसावी म्हणून.

"नाही."

"खोटं तरी बोलायचं रे!"

"वर्षभर बोललो की."

"मेले असते मी!"

"हो."

"आणि तू?"

"मीही. समुद्रावरून आलो त्या दिवशी ठरवलं होतं, आता सांगायचं. पण तू पडद्यांना नवा काठ घालायला घेतलास. सांगितलं असतं तर गाडी विकली असतीस. मग मी कुठे बसणार होतो? या खुर्चीत?"

ताईला रडू आलं, आणि रडताना भयंकर राग आला. ती तरातरा बाहेर गेली, पायरीवरच्या दोन्ही विटा उचलून आणल्या आणि मशीनच्या पायट्याशेजारी दाणकन ठेवल्या. दादा दचकला.

"काय करतेस?"

"स्टूल घे. बस इथे, बाजूला. आजवर डोळे माझे वापरलेस, आता पायही माझेच. शिकव."

"काय शिकवू?"

"गाडी! ही वीट क्लच, ही ब्रेक, पायटा म्हणजे अॅक्सिलरेटर. बोल."

दादा स्टुलावर बसला. बसमधला जुना आवाज हळूहळू घशात आला. "पाठ सरळ. शिवायला बसल्यासारखी वाकू नकोस. क्लच दाब. पूर्ण. आता हळू सोड... हळू म्हटलं! विंचू चावला का?" ताईने पायटा दाबला आणि मशीन बिनकापडाचं सुसाट सुटलं. "अगं, आत्ताच घरून निघालोय, विमान नाही पकडायचं!"

मशीनचा सूर खाली आला, वर गेला, एका लयीत लागला. दादा कान देऊन ऐकत होता. ताईने मशीनची कड घट्ट धरली होती. आणि दादाच्या तोंडून सवयीने निघून गेलं:

"पुढे काय दिसतंय गं?"

ताईने मान वर केली. दोरा नव्हता, ट्रक नव्हता.

"भिंत."

"मग ब्रेक दाब की, बये!"

तिने सगळा जोर लावून विटेवर पाय दिला.