टाचेच्या वर

जोरात आपटलेल्या विमानाची नुसती चाकं बघून आम्ही थांबत नाही, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांना मोठी गंमत वाटली होती. मुंबईला विमानदुरुस्तीच्या कामाला लागून मला दोन वर्षं झाली होती. चाकाचा जाडजूड पाय आत दबतो आणि बराचसा दणका गिळतो. उरलेला वर चढतो, पाय पंखाला जिथे जोडलेला असतो तिथवर. म्हणून पाय धडधाकट दिसला तरी वरची झाकणं उघडून तडे शोधायचे. विमान आपटलं हे वैमानिकानेही स्वतः लिहून द्यायचं. त्यात कमीपणा नाही.

२०१७च्या होळीला कैनाडला, आमच्या गावी, आले तर बाबा लंगडत होते. आदल्या दिवशी चिकूच्या वाडीत तोडणीला गेले असताना फांदी मोडली आणि ते उभेच्या उभे टाचांवर आले. जेमतेम कमरेएवढ्या उंचीवरून, म्हणाले. हळद-तेल बांधून सकाळी पुन्हा झाडावर चढायचा बेत होता. माझं डोकंच फिरलं. भांडून त्यांना रिक्षात घातलं आणि डहाणूला दवाखान्यात नेलं.

एक्सरेत टाच तडकलेली निघाली. डॉक्टर प्लास्टरच्या तयारीला लागले, तेव्हा मी म्हटलं, पाठीचाही फोटो काढा. इतक्या थोड्या उंचीवरून टाच तडकते, हे मला पटत नव्हतं. बाबा उखडले. पाठ कायमच दुखते, मी काय विमान आहे, असं सगळ्यांदेखत म्हणाले. बाकावरची माणसं हसली. मला शरम वाटली, पण मी हटले नाही.

पाठीचा एक मणका चेपला होता. पुन्हा पडले असते तर पाय कायमचे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांना तिथेच उताणं झोपवून ठेवलं. संध्याकाळी मी चमच्याने चहा पाजत होते. छताकडे बघत ते म्हणाले, पार शेंड्याजवळून पडलो होतो; सांगितलं असतं तर तू झाडावर चढू दिलं नसतंस.

मी पुढचा चमचा भरला. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला.

"तुझ्या विमानाला बोलता येत नाय, पोरी, म्हणून तू तपासते. मला तर येत होतं."