कढवलेल्या रसाचा इलाज

माझ्या बहिणीचा नवरा तेकाई हा आमच्या बेटावरचा सगळ्यात हट्टी माणूस, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं, पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, छाटून नीरा उतरवायची आणि वर असेपर्यंत गात राहायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. वर कुणी आहे हे खाली कळावं, म्हणून गाणं आमच्याकडे नियमातच बसतं. झाडावरचा माणूस गप्प असला, की खाली अंघोळ करणाऱ्या बायका त्याचा उद्धार करतात.

गेल्या वर्षी दाजी गप्प झाले. हिरड्या सुजलेल्या, थुंकीत रक्त, पुढचे दात जीभ लागली तरी हलायचे. बायकांनी शिव्या घातल्या तरी वरून हूं की चूं नाही.

"दात गेले तर माझं काय राहिलं रे?" एकदा मला म्हणाले. त्यांना इतकं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग बोटीनं दातांची डॉक्टरीण आली, माएरे. तिनं दातांवरचं किटण खरवडून काढलं आणि बजावलं, "रोज नीट घासायचं, तंबाखू बंद. खरं काम त्यानंच होईल. जोडीला ताजी नीरा घ्या, केतकीचं पिकलं फळ खा. त्यात अँटिऑक्सिडंट्स असतात, सूज उतरायला ती हातभार लावतील. नीरा प्यायलात की चूळ भरा. पुढच्या खेपेला दात असेच हलले, तर मात्र काढीन."

दाजींनी यातलं 'नीरा' तेवढं ऐकलं. आमची खोड अशी, की चांगली वस्तू कढवून ठेवायची. ताजी नीरा दुपारपर्यंत आंबते, तीच कढवून केलेली काकवी महिनोन्‌महिने टिकते. म्हणजे काकवीच जालीम! शिवाय ताज्या नीरेवर लेकराबाळांचा हक्क. कर्त्या माणसानं आधी पेला उचलणं बरं दिसत नाही. तेव्हा दाजी रोज झोपताना हिरड्यांना घट्ट काकवी चोळू लागले.

"हे औषध की मुंग्यांना आवतण?" ताई म्हणायची.

रक्त वाढलं. शेवटी मी माएरेला फोन लावला. ती आधी हसली, मग भडकली. "कढवलं की त्यातलं कामाचं बरंचसं जातं, उरते साखर! ती दातांना फासून झोपतात? त्यांना म्हणावं, मी चिमटा उकळत ठेवलाय."

त्याच दिवशी ताईनं काकवीचं भांडं लपवलं आणि तंबाखू समुद्रात भिरकावली. सकाळी पहिला पेला नवऱ्यापुढे धरला.

"पोरांच्या आधी? लाज वाटते गं."

"बोळकं घेऊन हिंडताना नाही वाटणार? प्या, आणि चूळ भरा!"

आमच्या घरांना भिंती नसतात, म्हणून ते माडाआड जाऊन प्यायले. तंबाखूवाचून सगळ्या गावावर खेकसायचे. दात वाचतील, पण माझ्या बहिणीचा संसार मोडेल, असं मला खरंच वाटू लागलं होतं.

बोट पुन्हा आली तोवर कडेचा एक दात गळून गेला होता. माएरेनं बाकीचे बोटानं हलवून पाहिले. "धरलेत. नाही काढत," ती म्हणाली आणि केतकीच्या फळाची एक पिवळी फोड त्यांच्या हातात दिली.

दाजींनी डोळे मिटून पुढच्या दातांनी फोड ओढली, सावकाश चघळली आणि चोथा तळहातावर काढला. त्यावर रक्त असेल म्हणून त्यांना बघायचं धाडस होईना. ताईनंच तो उचलला, उजेडात उलटसुलट करून पाहिला.

"पिवळाच आहे हो," ती म्हणाली आणि तो चोथा मुठीत धरून रडायला लागली.